1 जून फुल्ल आहे

आमच्याकडे सत्कृत्य करायचं तर आधी वाढदिवस असावा लागतो. एरवी कुणी सिव्हिलमध्ये डझनभर केळी घेऊन शिरलं तर वॉचमन विचारतो, "कुणाला भेटायचंय? वेळ संपली." पण वाढदिवसाचं नाव काढलं की थेट वॉर्डापर्यंत वाट मोकळी. भाऊंचा, दादांचा, आबासाहेबांचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो, त्याच्या तळाशी पासपोर्ट आकाराचे शुभेच्छुक दाटीवाटीनं उगवतात आणि सकाळी दहाला फळवाटप सुरू होतं. माझे मेव्हणे मांडीचं हाड मोडून तिथे पडले होते. खाट खिडकीजवळची, उजेड चांगला, त्यामुळे फोटोसाठी तीच पसंत पडायची. केळं एक, त्याला कार्यकर्त्यांचे सात हात लागलेले आणि आठवा हात मेव्हण्यांचा. एकदा फोटो हलला म्हणून दिलेलं केळं परत घेऊन पुन्हा दिलं. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी मेव्हणे म्हणाले, "हाड जुळलं, पण आता केळं दिसलं की चेहरा आपोआप कॅमेऱ्याकडे वळतो."

थोरामोठ्यांची गोष्ट वेगळी. डॉ. राधाकृष्णन यांचा 5 सप्टेंबर शिक्षकांना गेला, विश्वेश्वरय्यांचा 15 सप्टेंबर इंजिनिअर मंडळींकडे, कुसुमाग्रजांचा 27 फेब्रुवारी मराठीकडे. एकेक तारीख अख्ख्या जमातीला पुरली. माझ्या तारखेचं तसं नाही. ती मुळात माझी नाहीच.

माझी जन्मतारीख 1 जून 1967. पन्नाशी ओलांडलेल्या आणि खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या वाचकांना पुढचं सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन दारात उभा राहायचा आणि जन्मतारीख दोघांनाही ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं आणि रजिस्टरात 1 जून. आई म्हणायची, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू पोटात होतास, शिमग्याच्या बोंबा चालू होत्या तेव्हा जन्मलास. भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. म्हणजे रजिस्टराच्या हिशेबानं मी तेव्हा पाळण्यात होतो आणि आईच्या हिशेबानं यायला अजून तीन महिने अवकाश होता. पण हात लांब होते, कान लवकर सापडला. गुरुजींनी शाळेत लवकर घेतलं, सरकारनं तितकंच लवकर घरी पाठवलं.

सरकारी नियम असा की, पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर 31 मेला महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांमधून शाल-श्रीफळ घेतलेल्या माणसांची रांगच बाहेर पडते. आमच्या निरोप समारंभाला चार खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी चौघांना मिळून एकच भाषण केलं, आणि "यांच्या मनमिळाऊ स्वभावामुळे" म्हणताना हात अर्धवर्तुळात फिरवला. त्यात आमच्यातले दोघे एकमेकांशी गेली कित्येक वर्षं बोलत नव्हते.

त्याच रात्री पुण्याहून मुलीचा फोन. "बाबा, यंदा केक नको. जितकं वय तितकी चांगली कामं करायची. आमच्या ऑफिसात सगळे करतात."

"अठ्ठावन्न?"

"आधी माळ्यावरचा पंखा काढून द्या," आतून आवाज आला, "एक होईल." आमच्या हिला सत्कृत्य आणि घरकाम यांत फरक करणं कधीच जमलं नाही.

पंख्याला बगल देऊन मी सकाळी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाला फोन लावला. वाढदिवसानिमित्त आज दुपारचं जेवण द्यायचंय म्हटलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग बाई म्हणाल्या, "1 जून? 1 जून फुल्ल आहे हो काका. मार्चपासून बुकिंग असतं."

"नाश्ता तरी?"

"नाश्ते तीन झालेत. एक पोहे, दोन शिरा. आता आणखी गोड दिलं तर डॉक्टर मला ठेवायचे नाहीत. संध्याकाळी भजन मंडळही वाढदिवसवाल्यांचंच आहे. तुम्हाला 17 जून देऊ? त्या दिवशी कुणीच जन्मत नाही."

17 जून घेतला. बालगृहात फोन केला, तिथे वह्यांचं कपाट भरलेलं. वृक्षारोपणाचा विचार केला, पण टेकडीवर खड्डे कमी आणि 1 जूनवाले जास्त. गावभर आम्ही अठ्ठावन्नचे, साठीचे, पासष्टीचे लोक दुसऱ्याचं भलं करायला हिंडत होतो आणि भलं करून घ्यायला माणूस मिळत नव्हता. बाजारात गिऱ्हाईकापेक्षा दुकानंच जास्त झाली होती.

मग स्टँडवरच्या टपरीवर गेलो. चहावाल्याला म्हटलं, पुढच्या दहा जणांचे पैसे माझ्याकडून, कुणाला सांगू नकोस. त्यानं पहिल्यालाच सांगितलं. तो गडी ग्लास हातात धरून माझ्याकडे चालत आला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, कुठल्या गटातून?" जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागणार अशी हवा होती. मी म्हटलं, उभा नाही हो, वाढदिवस आहे. "ते कळलं," तो म्हणाला, "पण गट ओपन पडला का?" चौथ्या चहापर्यंत माझ्याकडे पाणंद रस्त्याची एक तक्रार आणि ट्रान्सफॉर्मरची एक आली होती. फुकटचा चहा पचवण्याची सवय आपल्या लोकांना आहे, पण विनाकारण फुकटचा चहा कुणाच्याही घशाखाली उतरत नाही. कारण सांगता न आल्यामुळे मी सहाव्यानंतर काढता पाय घेतला.

राहता राहिलं रक्त. ते तरी कुणी फुल्ल म्हणणार नाही, या हिशेबानं रक्तपेढीत गेलो. तिथल्या ताईंनी फॉर्मवरची तारीख वाचली आणि हसू दाबत म्हणाल्या, "या, आतमध्ये तुमचे जुळे भाऊ बसलेत." आत कॉटवर दोघे होते. एकाशी ओळखही निघाली, निरोप समारंभातल्या तिसऱ्या खुर्चीवाले.

वजन 45 किलोच्या वर हवं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. ताईंनी बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा एक थेंब निळ्या द्रावणात सोडला. मोरचुदाचं पाणी ते. थेंब तळाला गेला तर पास, तरंगला तर नापास. उभ्या आयुष्यात मी बुडण्यासाठी इतका देव आठवला नव्हता. थेंब क्षणभर थांबला, गुंजेएवढा गोल झाला आणि सरळ खाली गेला. ज्यानं रक्तगट शोधून काढले त्या कार्ल लँडस्टायनरचा जन्म 14 जून 1868 चा, आणि जागतिक रक्तदाता दिन त्याच तारखेला असतो, हे समोरच्या पोस्टरवर होतं. त्याच्या गुरुजींनी खरी तारीख लिहिली असावी.

डॉक्टर बाई बोलक्या होत्या. पहिल्यांदाच देताय ना, म्हणाल्या, साठीच्या आत आलात ते बरं केलंत, नंतर पहिलटकर चालत नाहीत. सुट्टीत कॉलेजं बंद, माणसं गावाला, म्हणून मे-जून म्हणजे रक्ताचा दुष्काळ. "आणि मोठ्या साहेबांच्या वाढदिवसाला एका दिवसात इतक्या पिशव्या येतात की फ्रीज पुरत नाही. तांबड्या पेशी साध्या पिशवीत 35 दिवस टिकतात. प्लेटलेट तर 5 दिवस. दीड महिन्यानं एखाद्या बाळंतिणीला रक्त लागतं, तेव्हा साहेबांचा वाढदिवस नसतो." मग माझ्या हाताची पट्टी चिकटवत म्हणाल्या, "काका, तीन महिन्यांनी परत या. त्या दिवशी तुमचं काहीही नसलं तरी चालेल." कॉफी, ग्लुकोजची बिस्किटं आणि प्रमाणपत्र मिळालं. मुलीला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "उरलेली?"

17 जूनला वृद्धाश्रमात गेलो, तेव्हा जेवण आधीच बेतशीर ठरलं होतं: आमटी-भात, भेंडी, गोड अजिबात नाही. वाढून झालं. कुणी आशीर्वाद दिला, कुणी मीठ मागितलं. मी निघणार इतक्यात एका आजोबांनी विचारलं, "नोकरी कुठं होती?" मी आस्थापना विभाग म्हटलं. त्या शब्दासरशी पंगत जागी झाली. आजोबा ताट तसंच ठेवून आत गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आतमध्ये पेन्शनचे कागद, घडीवर फाटलेले. नावात पासबुकावर 'राव' होतं आणि आदेशावर नव्हतं, त्यावरून फरकाची रक्कम अडली होती. मी खिशातला पेन काढला आणि तिथेच फसलो. पाठोपाठ दुसरी पिशवी आली, मग तिसरी. एका आजोबांना मागच्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देता आला नव्हता, कारण बोटं इतकी झिजली होती की मशीन त्यांना जिवंत मानायला तयार नव्हतं. त्यांना बँकेत जाऊन सही करता येते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. असले अर्ज मी जन्मभर फेटाळले होते, त्यामुळे ते मंजूर कसे होतात हे मला पाठ होतं. कुणीही टाळी वाजवली नाही, फोटो काढला नाही. उलट एका आजींनी माझं अक्षर वाईट असल्याचं सांगून अर्ज पुन्हा लिहायला लावला.

चार वाजता हिचा फोन आला, पंख्याचं काय झालं. मी म्हटलं, रांग आहे.

रांगेत शेवटी त्याच आजी पुन्हा उभ्या. यावेळी हातात आधार कार्ड. जन्म 1 जानेवारी. नुसतं साल सांगितलं की आधारवर 1 जानेवारीच पडते.

"ही तारीख बदलून दे."

"आजी, एकदाच बदलता येते. कागद लागेल. खरी कोणती?"

"खरी कुणाला म्हाईत? तू कचेरीतला ना, एखादी बरी बघून घाल."

मी सवयीनं म्हणालो, "1 जून?"

"नगं बाबा," आजी म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळच्याला दोनदा शिरा खावा लागतोय."