दूध हवेत, शेण नाल्यात

फेब्रुवारी २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या एका शेतकरी-बिल्डरने दूधधंद्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली. किंमत ३० कोटी, असं छापून आलं. कारणही चोख होतं: धंद्यापायी पंजाब, हरियाणा, गुजरात फिरावं लागतं आणि सगळीकडे विमानतळ नसतो. आम्हाला ते मनापासून पटलं. भिवंडीतल्या अंजूरफाट्याच्या वाहतूक कोंडीत एकदा अडकलेल्या कुणालाही पटेल.

अडचण म्हशीच्या दुसऱ्या टोकाला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तबेल्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत हिशेब मांडलाय: ४०० किलोचं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं आणि मूत्र साधारण तेवढेच लिटर. शंभर म्हशींच्या तबेल्यात रोज दीड-दोन टन शेण झालं की! दूध उजाडायच्या आत कॅनमधून निघून जातं, ठाणे-मुंबई त्याची वाट पाहत असते. शेणाची वाट कुणीच पाहत नाही. पाण्याच्या पाइपाने ढकललं की ते आपली वाट आपण शोधतं.

एके काळी त्यालाही गिऱ्हाईक होतं. भाताच्या राबाला शेण, खताला शेण, चुलीला गोवऱ्या, अंगणाला सडा. दारात दोन म्हशी असलेल्या घराला ते कमीच पडायचं. मग खाचरं गोदामांना गेली. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात जिथे लावणी व्हायची, तिथे आता लोकांनी मोबाइलवरून मागवलेल्या मालाचे खोके रचलेले असतात. पेंढा बाहेरून येतो, सरकीची पेंड बाहेरून येते, म्हैससुद्धा परराज्यातून ट्रकमधून येते. अस्सल स्थानिक उत्पादन एकच उरलंय, आणि ते घ्यायला शेतच नाही. कामवारी नदी आहे म्हणा. कापडाच्या डाइंग-सायझिंगचं पाणी ती आधीपासून मुकाट घेतेच आहे. तिच्याकडे कुणी संमतिपत्र मागत नाही.

यावरचा उपाय मुंबईने फार पूर्वी शोधून ठेवला. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत काढली आणि गल्लीबोळातल्या म्हशी गोरेगावला नेल्या. शहर स्वच्छ! पुढे आरे हे शहराचं फुप्फुस ठरलं आणि २०१९ मध्ये त्याच फुप्फुसातली झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात कापली गेली. मधल्या काळात, १९७६ मध्ये, शहरात गुरं पाळण्यावर बंधनं घालणारा कायदाही झाला. तात्पर्य, शेण पुढच्याच्या हद्दीत सरकवलं की पर्यावरण राखल्याचं पुण्य लागतं. मुंबईपुढे भिवंडी, भिवंडीपुढे वाडा, वाड्यापुढे जव्हार. जव्हारला घाट लागतो, तिथे एखादी समिती बसवता येईल.

जगाला मात्र आपल्या म्हशीच्या ढेकराची काळजी आहे, कारण त्यातून मिथेन निघतो. न्यूझीलंडने २०२२ मध्ये ढेकरावर कर लावायचा बेत केला, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले, २०२४ मध्ये बेत गुंडाळला. ग्लासगोच्या हवामान परिषदेत बऱ्याच देशांनी मिथेन कमी करायची शपथ घेतली, तेव्हा आपण ती घेतली नाही. बरोबरच केलं. जगात सर्वाधिक दूध आपण काढतो ते दोन-दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बायाबापड्यांच्या जिवावर. त्यांच्या गोठ्यात मीटर लावणं हा शुद्ध चावटपणा झाला असता. गंमत एवढीच की त्या बाईच्या पदराआड दोनशे म्हशींचा तबेलाही येऊन उभा राहतो आणि म्हणतो, साहेब, आम्ही गरीब शेतकरी.

बायोगॅस करा, असं सगळेच सांगतात. २०१८ पासून सरकारची गोबरधन योजना आहे, नाव ऐकूनच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. पण टाकीला जागा हवी, आणि भिवंडीत गुंठ्याचा भाव विचारून आलेल्या माणसाला दुधाचा धंदाच नकोसा होतो. समजा टाकी बसली, गॅस निघाला, तरी स्लरी उरतेच. तिला पुन्हा शेत लागतं, म्हणजे आपण फिरून माणकोलीच्या गोदामापाशी आलो. तेव्हा आमची नम्र सूचना अशी की स्लरी गोदामांच्या पत्र्यांवर पसरावी. पत्रे एकरांनी आहेत, ऊन फुकट आहे, गोवऱ्याही थापता येतील. पावसाळ्याचं काय, हा प्रश्न टेंडरपूर्व बैठकीत विचारावा. चहाची सोय आहे, दूध पिशवीचं असेल.