साहेब आणि मनोरा

अठराव्या शतकातल्या फ्रान्सात एखाद्या प्रांताच्या गावी उतरा आणि विचारा, "इथं सगळ्यात मोठं कोण?" लोक गव्हर्नराचं नाव घेतील. तो खानदानी सरदार. घराणं त्याचं, सलामी त्याची. मग विचारा, "आणि काम कुणाकडून होतं?" आवाज खाली येतो. "अँतांदांकडून."

हुद्द्याचं पूर्ण नाव 'न्याय, पोलीस आणि अर्थ यांचे अँतांदां'. पोलीस म्हणजे त्या काळी नुसते शिपाई नव्हेत, तर एकूण बंदोबस्त. त्यामुळे साहेबांच्या हातून काहीच सुटत नाही. कराची आकारणी, धान्याचा पुरवठा, सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या, भिकाऱ्यांची धरपकड, शेतकऱ्यांना फुकट राबवून बांधलेले रस्ते, सगळं त्यांच्याच टेबलावर. असे तीस-बत्तीस साहेब अख्खा देश हाकत. जॉन लॉसारखा मुरलेला अर्थकारणी हे पाहून थक्क झाला होता.

त्या देशात बहुतेक सरकारी पदं विकत मिळत आणि बापाकडून मुलाला जात. साहेबांनीही तरुणपणी राजाच्या कौन्सिलातलं पद रोख मोजून घेतलेलं असे. अँतांदांचं पद मात्र बाजारात नव्हतं. राजाचा कागद आला की साहेब आले, दुसरा कागद आला की साहेब गेले. म्हणून टपालगाडीची घंटा वाजली की अख्ख्या प्रांताला धाक घालणाऱ्या साहेबांच्याच पोटात गोळा येई.

सरदारमंडळी खाजगीत त्यांना 'कालचा कारकून' म्हणत. आपला कर कमी करून घ्यायचा झाला की मात्र त्यांचीच पत्रं अशी मऊ होत, की लोण्यानं लाजावं.

एवढे सर्वशक्तिमान साहेब. पण गावच्या चर्चचा मनोरा गळू लागला तर? गावकऱ्यांचा अर्ज साहेबांकडे, साहेबांचा शेरा राजाच्या कौन्सिलाकडे. मंजुरी यायला वर्ष तर ठरलेलंच. दोन-तीन लागली तरी कुणाला नवल नसे. तोवर पाद्रीबुवा छत्री घेऊन प्रवचन करत असतील, तर तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न.

सगळे साहेब असे कागदात बुडालेले नव्हते. लिमोजला तुर्गो 1761 पासून 13 वर्षं राहिला आणि शेतकऱ्यांची रस्त्यावरची वेठ त्यानं बंद केली. बोर्दोत तूर्नीनं शहराचं रूपच पालटलं. तिथला प्रशस्त रस्ता आजही त्याच्या नावानं ओळखला जातो.

मग 1789 ची क्रांती झाली. जुने प्रांत गेले, अँतांदां गेले. 1800 साली नेपोलियननं नव्या जिल्ह्यांवर नवे साहेब नेमले. त्यांना म्हणायचं प्रीफेक्ट.

मनोरा अजून गळतच असणार. गावानं जुना अर्ज फडताळातून काढला असेल, धूळ झटकली असेल, आणि मायन्यातला 'अँतांदां' खोडून वर 'प्रीफेक्ट' लिहिलं असेल. बाकी मजकुरात बदल करायची काही गरज पडली नसावी.