25 चौरस मीटरचं वैभव

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या गृहसजावटीची दखल पुण्या-मुंबईच्या मासिकांनी अजून घेतलेली नाही, ही खेदाची बाब आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर. 2016 साली योजना आली तेव्हा अनुदान ठरलं 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्याने. पहिल्या हप्त्यानंतर आधी बांधा, फोटो काढा, मग पैसे. उधळपट्टीला वावच नाही.

खरी प्रतिभा दिवाळीनंतर दिसते. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत समोरच्या खोलीत, पार छतापर्यंत. सोफा नको, गादी नको, रंगसंगतीची चिंता नको. अंगाला खाज सुटते खरी, पण त्यामुळे पाहुणे लवकर उठतात. टीव्ही ओट्यावर, पोरांची दप्तरं चुलीमागे, आबाजींची बाज अंगणात टिनाखाली. हवेशीर म्हणतात ते हेच.

भाव असेच राहिले तर पुढच्या यादीत लाभार्थी म्हणून कापसाचंच नाव घालावं, जिओटॅग फोटोलाही त्यालाच दारात उभं करावं. कुटुंबाने हवं तर वेगळा अर्ज करावा. तो अर्थातच नामंजूर होईल. त्यांच्या नावावर पक्कं घर आहे.