मागील तारखेचे भविष्य

जगात कोणतीही उलथापालथ होऊन गेली, की तिचे वृत्त वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून तिसऱ्या पानावर जाते न जाते तोच, ती शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी लिहूनच ठेवली होती असे सांगणारा गृहस्थ भेटतोच. आणि माझ्यासारख्या चिकित्सक म्हणवून घेणाऱ्यास त्याच्याशी वाद घालताना जे सुख लाभते, ते त्याच्या सुखाहून तिळमात्र कमी नसते. फ्रान्सच्या नॉस्त्रादामसाने १५५५ साली छापलेल्या पद्यांत हिटलर सापडल्याची वार्ता आमच्या वाड्यात आली, तेव्हा त्या पद्यांतला ‘हिस्टर’ म्हणजे डॅन्यूब नदीचा खालचा प्रवाह होय, हे मी अशा ऐटीत सांगितले, की जणू त्या नदीवर मी रोज स्नानाला जातो.

परंतु माझे खरे प्रेम आपल्या भविष्यपुराणावर. या नावाच्या ग्रंथाचा उल्लेख आपस्तंबाच्या धर्मसूत्रात आहे, तेव्हा घराणे प्राचीन खरे. मात्र मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्याने १८९७ च्या सुमारास छापलेल्या प्रतीतील प्रतिसर्गपर्व उघडावे, तो आदम, नूह, तैमूर, अकबर, कबीर, कलकत्त्याचे गुरुंड म्हणजे इंग्रज आणि त्यांची विकटावती नामक राणी, अशी सारी मंडळी हुकुमाबरहुकूम हजर. शिवाय रविवारास ‘संडे’ आणि फाल्गुनास ‘फरवरी’ म्हणावे, एवढे इंग्रजीही नैमिषारण्यात शिकवले जाते. व्हिक्टोरियापर्यंत बिनचूक चालत आलेली ही दिव्यदृष्टी छापखान्याच्या उंबरठ्याशी येताच अधू होते, आणि पुढचे महायुद्धसुद्धा तिला दिसत नाही. आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताने १९०३ सालीच हा सारा प्रकार वाङ्मयीन लबाडी म्हणून निकालात काढला.

पण त्या पंडिताने पोथीच्या आकाराचा महिमा लक्षात घेतला नाही. मुंबई-पुणे गाड्यांचे वेळापत्रक आडव्या, सुट्या पानांवर, ठसठशीत टायपात छापावे, आरंभी ‘श्रीगणेशाय नमः’ घालावे, वर-खाली लाकडी फळ्या ठेवून तांबड्या रुमालात बांधावे, आणि मग चातुर्मासात सावकाश वाचावे. कर्जतला गाडीस मागून इंजिन लागते या वाक्यावर श्रोते माना डोलावतील, डेक्कन क्वीन ही कोणती शक्ती यावर दोन भाष्ये निघतील, फलाटावरच्या चहाचा अधिकारी कोण याची मीमांसा होईल, आणि गाडीला विलंब झालाच, तर तो रेल्वेचा नव्हे, आपल्या पूर्वसंचिताचा दोष ठरेल. ही योजना मी अनेकांना ऐकवली आहे. न विचारताही ऐकवतो.

भविष्यपुराणाची अशी एक पोथी मी, अर्थात केवळ खंडनासाठी, मिळवली आणि दार लावून घेऊन तीत स्वतःला शोधले. कबिराला जागा आहे, विकटावतीला आहे. मराठी निबंधकारांसाठी मात्र एक अनुष्टुभ खर्ची घातलेला नाही. त्या पर्वाच्या अस्सलपणाविरुद्ध माझा मुख्य आक्षेप हाच. आउफ्रेख्टचे आक्षेप त्यानंतरचे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचीत होते. त्या रात्री कोणी पोथीचा रुमाल सोडल्याचे ऐकिवात नाही. घरातला चिखल उपसून होण्याच्या आत मात्र भाकिते निघू लागली, अमुक ग्रहाची तमुक दृष्टी सांगणारे विद्वान ओट्याओट्यांवर बसले, आणि एरवी अशा प्रसंगी आस्तन्या सावरणाऱ्या मला प्रथमच हसू न येता संताप आला. आठ दिवस आधी उच्चारलेल्या एका शब्दाने एखाद्याची भांडीकुंडी तरी वाचली असती.

नदीकाठचे बिऱ्हाड गेल्यावर माझी मावशी आमच्याकडे राहायला आली. तिने निघताना देव घेतले होते. काकांचा एकुलता एक फोटो भिंतीवरच राहिला होता. एके दुपारी ती म्हणाली, “तुझ्या त्या पोथीत हे होतं का रे लिहिलेलं?” तिला इतिहास नको होता, चिकित्सा तर नकोच होती, जे राहिले ते राहायचेच होते, एवढे कोणीतरी लिहून ठेवलेले तिला हवे होते. मी रुमाल सोडला, हाताला येईल ते पान धरले आणि म्हणालो, “आहे, मावशी. अगदी स्पष्ट आहे.” त्या पानावर कुणा म्लेंच्छ राजाची वंशावळ होती. ती मी आवाज लावून वाचली. शेजारच्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि माझे संस्कृत उच्चार इतके शुद्ध असल्याचे त्या दिवशी मलाही नव्याने कळले.

तेव्हापासून लोक माझ्याकडे पत्रिका घेऊन येतात.

ज्यांच्या संग्रही त्रिकालदर्शी ग्रंथ असतील, त्यांना माझी नम्र विनंती आहे, की भाकीत घटनेपूर्वी निदान आठ दिवस काढावे, त्यात गाव, तारीख व वेळ नमूद करावी, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि ते रजिस्टर टपालाने मामलेदार कचेरीकडे रवाना करावे. मजकूर पाण्याविषयी असेल, तर फोन करावा.