ट्यूशन फीत ट्यूशन नाही

जुलै उजाडला की जुन्या करप्रणालीला चिकटून बसलेला नोकरदार पावत्यांची फाइल काढतो आणि दर वर्षी एकाच शब्दाला अडखळतो : ट्यूशन फी. मराठी घरात ट्यूशन म्हणजे दप्तर टाकून, दोन घास खाऊन संध्याकाळी पळायचं ती शिकवणी. ८०-सी कलमात मात्र ट्यूशन फी म्हणजे ट्यूशन सोडून दिलेली फी. ट्यूशनची फी तिथे दाखवता येत नाही, कारण ती ट्यूशन फी नव्हे. (हे वाक्य पुन्हा वाचू नका, रिटर्नची मुदत निघून जाईल.) विकास निधी वजा, देणगी वजा, वजावट फक्त दोन मुलांच्या ‘पूर्णवेळ’ शिक्षणाला, तेही भारतातल्या शाळा-कॉलेजात.

आता हे ‘पूर्णवेळ’ बघा. परिपत्रकानुसार प्लेग्रुप आणि नर्सरीसुद्धा त्यात बसतात. अडीच वर्षांचा बाळ्या सकाळी नऊला जातो, लाल ठोकळा चघळतो, एकदा चड्डी बदलून घेतो आणि साडेअकराला आजोबांच्या खांद्यावर लाळ गाळत परततो. हे पूर्णवेळ शिक्षण. त्याची अकरावीतली ताई सकाळी सातला घर सोडते ती रात्री आठला येते. दिवसभर जेईईच्या क्लासात भौतिकशास्त्राशी झुंजते. हे शिक्षणच नव्हे. तिचं पूर्णवेळ शिक्षण चालतं ‘इंटिग्रेटेड’ कॉलेजात, जिथे ती प्रॅक्टिकलच्या वहीवर सही घेण्यापुरती उगवते. त्या कॉलेजाच्या ट्यूशन फीला वजावट आहे. जिथे मुलगी नसते तिथली फी ग्राह्य, जिथे ती असते तिथली अग्राह्य!

यावर शहाणे म्हणतील, क्लासला वजावट दिली तर ही दुकानं फोफावतील. वजावटीवाचून ती काय सुकली आहेत? आणि दुकानच म्हणायचं, तर त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी भरतो कोण? दुकानदार नव्हे, ताईचा बाप. म्हणजे एका हाताने ‘हे शिक्षण नाही’ म्हणून दार लावायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच दारात डबा धरायचा. कॉलेजात शिकवत नाहीत म्हणून क्लास लावावा लागतो, हे साऱ्या गावाला ठाऊक असताना न शिकवण्याला पूर्णवेळ म्हणायचं आणि शिकवण्यावर कर घ्यायचा, ही निव्वळ निलाजरेपणाची हद्द आहे.

दुसरा आक्षेप असा की २०१४ पासून दीड लाखावरच थांबलेली ८०-सीची मर्यादा भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि घरकर्जाच्या मुद्दलानेच भरते. फीचा वाद हवाच कशाला? ज्याची ती भरते त्याचं ठीक आहे. ज्याचा निधी कापलाच जात नाही आणि ज्याचं घर भाड्याचं आहे, त्याला नेमकी हीच ओळ लागते. नव्या प्रणालीत जा म्हणाल, तर तिथे ही ओळच नाही. बाळ्या आणि ताई यांच्यात अखेर समानता येते, दोघांनाही शून्य.

ताईने एवढं करून शिष्यवृत्ती मिळवली, तर शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली ती रक्कम मात्र करमुक्त, तिला कमाल मर्यादाही नाही. बक्षीस मान्य, ते मिळवून देणारा खर्च अमान्य. राहिला पगारातला शिक्षणभत्ता. १९६१ च्या कायद्याखाली वर्षानुवर्षे त्यातले मुलामागे महिन्याला १०० रुपये करमुक्त धरले गेले, तेही दोनच मुलांपर्यंत. त्यात पावत्यांच्या झेरॉक्स निघतात.