लिनक्सवाला

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत एक कडक सेक्रेटरी असतो, मांजरांना दूध घालणाऱ्या एक काकू असतात आणि एक लिनक्सवाला असतो. वय पंचवीस ते पंच्याहत्तर, काहीही चालतं. पाठीला सॅक, सॅकमध्ये चार-पाच पेनड्राइव्ह, प्रत्येकात वेगळं लिनक्स. लॅपटॉपच्या झाकणावर पेंग्विनचा स्टिकर. ‘आमचा लॅपटॉप हल्ली फार रडतो’ हे वाक्य त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नसतं. गेलंच, तर संध्याकाळी तो दारात उभा. जेवणाची पानं मांडेपर्यंत लॅपटॉप खरोखर पळायला लागतो. फुकटात, व्हायरसविना आणि कॅमेऱ्याविना.

“कॅमेरा बिघडलेला नाही,” तो समजूत घालतो. “कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, त्याची ओळख पटलेली नाही, एवढंच.”

ओळख पटवण्याचा कार्यक्रम काळ्या खिडकीत चालतो. तो ‘एलएसयूएसबी’ टाइप करतो आणि यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी पडद्यावर उतरते. यादीतल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो आणि ते क्रमांक त्याला पाठ असतात. ‘०४६डी’ दिसलं की तो माऊली दिसल्यासारखा प्रसन्न होतो, कारण ०४६डी म्हणजे लॉजिटेक. बायकोचा मोबाइल नंबर मात्र फोनमध्ये शोधावा लागतो. मग ‘डीमेसेज’. कर्नल स्वतःशी जे काही पुटपुटत असतो ते यात वाचायला मिळतं. यजमान चहा पुढे करतात. तो पडद्याकडे बघतच कप घेतो आणि बिस्किट चहाऐवजी माऊसपॅडवर बुडवतो.

एखाद्या जुन्या लिनक्सवर कॅमेरा ओळखला जातो, तरी चित्र येत नाही. चौकशीअंती कळतं, की घरमालकाचं नाव ‘व्हिडिओ’ नावाच्या गटात घातलेलं नाही. म्हणजे लॅपटॉप त्यांचा, कॅमेरा त्यांचा, पण हात लावायची परवानगी नाही. “ही सुरक्षितता आहे,” लिनक्सवाला अभिमानाने सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हेच घडल्यावर गेल्या सभेत सर्वांत मोठ्याने भांडलेला माणूस तोच असतो.

काम अडलं की तो इतिहासात शिरतो. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत काही संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला, भांडं रिकामं असेल तर उगाच जिने चढउतार नको म्हणून. त्याच वर्षी हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं. वेबकॅम आणि लिनक्स ही जुळी भावंडंच म्हणायची, पण पुढे बरीच वर्षं त्यांचं आपसात जेमतेम बोलणं होतं. कारण साधं होतं. कंपन्या ड्रायव्हर लिहायच्या तो विंडोजसाठी, आणि प्रत्येक चिपची भाषा निराळी. त्यातून एकाच नावाच्या खोक्यात आज एक चिप, सहा महिन्यांनी दुसरीच.

मिशेल झार यांचं नाव घेताना त्याचा आवाज हळवा होतो. फ्रान्समधला हा गृहस्थ पेशाने डॉक्टर. फावल्या वेळात त्याने कॅमेऱ्यांची भाषा उलगडून दोनशेहून अधिक मॉडेलांसाठी ड्रायव्हर लिहिला आणि फुकट वाटला. फिलिप्सच्या कॅमेऱ्यांची गोष्ट सांगताना मात्र आवाज चढतो. त्यांच्या ड्रायव्हरचा एक तुकडा बंदिस्त होता, म्हणून २००४ साली कर्नलच्या राखणदारांनी त्याचा आधार काढून घेतला. लेखकाने चिडून अख्खा ड्रायव्हरच मागे घेतला. तत्त्व वाचलं, कॅमेरे आंधळे झाले. पुढे दुसऱ्या कोणी तरी तो ड्रायव्हर पुन्हा उभा केला. “बरोबरच केलं त्यांनी,” लिनक्सवाला म्हणतो. नेमकं कोणी, ते यजमान विचारत नाहीत.

त्याच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे उलटे आजोबा. २००९च्या आसपास काही लॅपटॉपांत कारखान्यातच कॅमेरा उलटा बसवलेला असायचा. विंडोजचा ड्रायव्हर गुपचूप चित्र सुलटं करायचा. लिनक्स जे दिसेल ते दाखवायचं. त्यामुळे स्काइपवर सॅन होजेच्या नातवाला आजोबा डोकं खाली, पाय वर असे दिसले आणि तो टाळ्या पिटत “पुन्हा करा!” म्हणू लागला. आजीने लॅपटॉप उलटा धरून पाहिला. मग आजोबा सुलटे झाले, पण पडद्यावरचा नातू उलटा झाला. लिनक्सवाला शांत होता. “बघा, विंडोजने इतके दिवस तुमच्यापासून हे लपवून ठेवलं होतं,” तो म्हणाला. अशा उलट्या लॅपटॉपांची एक यादी ‘लिबव्हीफोरएल’ नावाच्या लायब्ररीत रीतसर ठेवलेली आहे. त्यात नाव सापडलं की स्काइप एका लांबलचक मंत्रानिशी सुरू करायचं आणि आजोबा पायांवर उभे राहायचे. मंत्र चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवला गेला. त्याच्या शेजारी दूधवाल्याचा हिशोब.

सुखाला दृष्ट लागली ती २००८ सालीच, फक्त त्याला कळायला वेळ लागला. यूव्हीसी नावाचं एक सामाईक मानक आलं होतं. या मानकाचा कॅमेरा कोणत्याही संगणकाशी एकाच भाषेत बोलतो. लॉरां पिंशार यांनी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या २.६.२६ आवृत्तीत दाखल झाला आणि पुढच्याच आवृत्तीत त्या डॉक्टरांचा वारसाही. हळूहळू असं झालं, की कॅमेरा जोडावा आणि चित्र यावं. लिनक्सवाला सॅक उघडायच्या आतच यजमान म्हणायचे, “दिसतंय की!” तो अवघडल्यासारखा बसायचा, चहा घ्यायचा, “फ्रेमरेट जरा कमी वाटतोय,” असं म्हणून बघायचा.

२०२०च्या लॉकडाऊनने त्याचं नाव पुन्हा गाजवलं. शाळा घरात आल्या, दुकानांतले वेबकॅम संपले, आणि माळ्यावरून जुने गोल कॅमेरे खाली आले. त्यांच्या सीडीतला ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या काळातला. विंडोज १० त्यांना ओळखही दाखवेना. लिनक्सने मात्र ओळखलं, कारण डॉक्टरांचं काम कर्नलमधून कोणी काढलं नव्हतं. चौथ्या मजल्यावरची तिसरीतली मुलगी त्या कॅमेऱ्यासमोर पाढे म्हणू लागली, तेव्हा लिनक्सवाला दाराबाहेर, मास्क लावून, सहा फुटांवरून ऐकत होता.

आता तो पुन्हा तरुण झालाय. नव्या बारीक लॅपटॉपांत यूव्हीसीऐवजी थेट प्रोसेसरला जोडलेला सेन्सर असतो. तो नुसता कच्चा शिधा पुरवतो. चित्र शिजवायचं काम ‘लिबकॅमेरा’सारख्या सॉफ्टवेअरने करायचं. इंटेलच्या अशा एका प्रकाराचा मुख्य ड्रायव्हर २०२४ साली कर्नल ६.१० मध्ये आला, पण प्रत्येक लॅपटॉपचा सेन्सर निराळा, म्हणून कुठे चित्र येतं, कुठे येत नाही, कुठे सगळे हिरवे दिसतात. लिनक्सवाल्याच्या सॅकेत पुन्हा पाच पेनड्राइव्ह आहेत.

तेव्हा वाचकहो, वेबकॅम घेताना तो यूव्हीसी आहे ना, एवढं विचारा. लॅपटॉपवर लिनक्स चढवण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून कॅमेरा तपासा. आणि कॅमेऱ्यापुढची ती इवलीशी सरकती पट्टी उघडी आहे ना, हे त्याला बोलावण्याआधी बघा. नंतर बघू नका; तोवर त्याने नवा कर्नल उतरवायला घेतलेला असतो.