आमच्या तहखान्याचे झरोके बुजवणाऱ्यास

ठेकेदार,

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. ग्वाल्हेरच्या पडावात आणि लष्करात जी मराठी घरं उरली आहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांत तुम्ही काम केलं आहे. हे पत्र वाचलंत की कुणाला लिहिलंय ते तुम्हाला कळेलच. गणपतीच्या मांडवात तुमची ओळख 'आपला माणूस' म्हणून झाली होती. त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून मी तुम्हाला घराची किल्ली दिली.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात तुम्ही आमच्या तहखान्यात उतरलात. भिंतीच्या खालच्या तीन फुटांत लोणा फुटला होता, पोपडे सुटत होते. तुम्ही टॉर्च फिरवलात आणि पाच मिनिटांत म्हणालात, "वहिनी, झरोक्यांतून वारा येतो म्हणून ओल येते." तिन्ही झरोके विटांनी बुजवलेत. चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचा केलात, वर चकचकीत रंग मारलात, पैसे घेतलेत आणि गेलात.

पाणी येतं कुठून, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. गच्चीचा पावसाळी पाइप नेमका त्याच भिंतीच्या पायाशी रिकामा होतो. गल्लीतला रस्ता डांबरावर डांबर चढत आमच्या जोत्याहून उंच झाला आहे, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर सगळं पाणी घराकडे वळतं. गच्चीवर दोन बादल्या ओतून खाली येऊन पाहायला दहा मिनिटं लागली असती.

चुन्याचा गिलावा भिंतीतलं पाणी बाहेर सोडतो. तो दर काही वर्षांनी खराब होतो, कारण भिंतीचं दुखणं तो आपल्या अंगावर घेतो. सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाणी भिंतीतूनच वर चढलं आणि दुसऱ्या वर्षी लोणा वरच्या मजल्यावर, सासूबाईंच्या पलंगामागे फुटला आणि तिथे बुरशी धरली. त्या ८२ वर्षांच्या आहेत, त्यांना दमा आहे. बुरशीचे कण श्वासातून गेले की दमा उसळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच ओलीच्या घरांवरच्या आपल्या मार्गदर्शिकेत मांडलं आहे. त्या श्रावणात आम्ही किती रात्री त्यांना उशा लावून बसवून ठेवलं, ते तुम्हाला कळायला हवं.

वाऱ्याबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं होतं, हे मी मान्य करते. पावसाळ्यातल्या दुपारी बाहेर ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा २८ अंशांच्या आसपास थंड होताच पाणी सोडते. तहखान्याची भिंत त्याहून थंड असली की तिला घाम फुटतो. म्हणूनच सासूबाई मृगाला झरोक्यांना फळ्या लावत आणि दसऱ्याला काढत. हिवाळ्यात आणि वैशाखाच्या कोरड्या झळांत तहखाना वाळून निघे. बंद कधी करायचं आणि उघडायचं कधी, हे या घराला ठाऊक होतं. तुम्ही झरोके बारा महिन्यांसाठी बुजवलेत.

आपल्याच किल्ल्यावर जा. राजा मानसिंह तोमरांच्या मानमंदिराखाली जमिनीत दोन मजले आहेत आणि त्यांच्यासाठी भिंतींतून हवेच्या वाटा काढल्या आहेत. ते काम पाचशे वर्षांपूर्वीचं आहे. आणि बंदच करायचं असेल तर कसं, तेही ऐका. माझा भाचा अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात राहतो. तिथे घराच्या लाकडी जमिनीखाली दोन-तीन फुटांची पोकळी असते आणि तिलाही हाच रोग होतो. तिथल्याच प्रिन्सव्हिल गावात घरं निवडून तुलना केली गेली, तेव्हा बंद केलेल्या पोकळ्या उघड्यांपेक्षा कोरड्या राहिल्या. पण तिथे आधी उघड्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं होतं आणि आतली हवा कोरडी ठेवण्याची सोय केली होती. तुम्ही ओल आत ठेवून वरून झाकण लावलंत.

त्या झाकणाखाली ट्रंकेत सासऱ्यांच्या आजोबांची मोडी कागदपत्रं होती, लाल रुमालांत बांधलेली. शिंदेशाहीतली त्यांची नोकरी, जमिनीचे करार, मुलीच्या लग्नाचा खर्च. ट्रंक उघडली तेव्हा वरच्या दोन रुमालांवर काळी-हिरवी लव होती आणि खालच्या गठ्ठ्यातले कागद एकमेकांना चिकटून त्यांचं ढेकूळ झालं होतं. वाचू शकणारं माणूस शोधायचं राहून गेलं होतं, ही चूक आमची. आता त्या गठ्ठ्यात वाचायलाच काही उरलं नाही, ही तुमची.

निस्तरलं आम्हीच. पाइप पुढे नालीपर्यंत नेला, भिंतीलगत उताराची फरशी केली. सिमेंट फोडून काढलं, तीन महिने भिंत उघडी ठेवली, मग चुना केला. बुरशी कोरड्या झाडूने झाडली तर घरभर उडते, म्हणून एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. तुम्ही फोनवर ब्लीच मारायला सांगितलं होतंत. त्याने डाग फिका होतो, गिलाव्याच्या आतली बुरशी राहते. ट्रंकेतले बचावलेले कागद उन्हात न टाकता सावलीत, टीपकागदांत वाळवले. आपल्या अभिलेखागारांत बुरशीसाठी ओव्याच्या फुलाची, म्हणजे थायमॉलची धुरी देत आले आहेत. ती जाणकाराकडून देऊन घेतली. आता खाली आर्द्रतामापक टांगला आहे. काटा ६० च्या वर गेला की आम्ही काय ओलं झालंय ते शोधतो.

झरोके फोडून घेतले आहेत, जाळी आणि फळ्यांसकट.

पुढच्या सोमवारपासून मागच्या गल्लीतल्या काकूंचा तहखाना तुम्ही हाती घेणार आहात, असं कळलं. मी त्यांना सगळं दाखवून आणलं आहे. पाणी कुठून येतं ते सापडेपर्यंत एकही वीट लावू द्यायची नाही, असं आमचं ठरलं आहे. सकाळी दहाला त्यांच्या गच्चीवर दोन बादल्या भरून ठेवलेल्या असतील. मीही तिथे असेन.

— पडावातल्या त्या घराची सून